पाणी तपकिरी करणारी काडी आणि पाणी ओळखणारी काडी

उन्हाळा लागला की चांदूर बाजारात आणि आसपासच्या खेड्यांत आरओ यंत्र विकणारे फिरू लागतात. दारात आले की ते दोन पेले मागतात. एकात घरचे पाणी, दुसऱ्यात आपल्या बाटलीतले आरओचे पाणी. मग पिशवीतून धातूच्या चार काड्या असलेले एक यंत्र निघते, ते विजेच्या बोर्डाला जोडले जाते आणि काड्या दोन्ही पेल्यांत बुडवल्या जातात. दोन मिनिटांत घरचे पाणी आधी हिरवट, मग तपकिरी होते, वर घाण तरंगू लागते. आरओचे पाणी मात्र जसेच्या तसे. "बघा काकू, हे विष तुम्ही रोज पिता!" घरातली आजी म्हणते, "हेच पानी पेत म्हातारे झालो बाप्पा आमी!" पण सुनेच्या चेहऱ्यावर भीती दिसते. तिच्या कडेवर लहान लेकरू असते. पंधरा-वीस हजारांचा सौदा बहुतेक वेळा त्या भीतीवरच होतो.

खरे पाहता विक्रेता आणि आजी या दोघांच्याही बोलण्यावर पाणी चांगले की वाईट हे ठरत नाही. ते कशाने ठरते आणि त्यासाठी विज्ञान आज काय तयार करीत आहे, हे या वेळी समजून घेऊ.

तपकिरी रंग येतो कुठून?

त्या यंत्राच्या काड्यांना विज्ञानात इलेक्ट्रोड म्हणतात. पाण्यात वीज सोडणारी किंवा पाण्यातून विजेचा संदेश घेणारी काडी, एवढाच त्याचा अर्थ. विक्रेत्याच्या यंत्रात प्रत्येक पेल्यासाठी एक काडी लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची असते. पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहू लागली की लोखंडाची काडी स्वतःच झिजते आणि तिचे लोखंड पाण्यात उतरून गंजते. पेल्यात दिसणारी तपकिरी घाण म्हणजे हा गंज. ती पाण्यातून बाहेर पडलेली नसते, काडीने पाण्यात घातलेली असते.

आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. वीज वाहत नाही, काडी झिजत नाही, पाणी स्वच्छ दिसते. पुढच्या वेळी विक्रेता आला तर त्यालाच सांगा, "दादा, तुमच्या पाण्यात चिमूटभर खायचे मीठ टाका आणि पुन्हा काड्या बुडवा." त्याचेही पाणी तपकिरी होईल. मीठ काही विष नाही. मात्र हा प्रयोग घरी कोणी स्वतः करू नये. ते यंत्र थेट घरातल्या विजेवर चालते, ओल्या हाताला झटका बसू शकतो.

पेनासारखे मीटर काय सांगते?

काही विक्रेते पेनासारखे टीडीएस मीटर वापरतात. हे यंत्र खोटे नाही, पण त्याला फारच थोडे कळते. त्याच्या टोकाला दोन इलेक्ट्रोड असतात. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजून एकूण विरघळलेले क्षार किती असावेत याचा अंदाज ते देते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, नायट्रेट अशा सगळ्यांची मिळून एकच बेरीज येते. किराणा दुकानाच्या बिलावर नुसती एकूण रक्कम असावी आणि कोणता माल किती घेतला ते लिहिलेलेच नसावे, तसे हे आहे.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य, आणि दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर २,००० पर्यंत चालते. आता समजा, एका हापशीच्या पाण्याचा टीडीएस ४०० आला, पण त्यात नायट्रेट ८० मिलिग्रॅम आहे. मीटर म्हणेल, उत्तम. पण नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि त्यात कसलीही सूट नाही. हे पाणी नापास आहे. दुसऱ्या विहिरीचा टीडीएस ७०० आला, पण त्यात मुख्यतः कॅल्शियमचे क्षार आहेत. मीटर घाबरवेल, पण हे पाणी पहिल्यापेक्षा कमी धोक्याचे असू शकते. रोगजंतू तर मीटरला दिसतच नाहीत. कीटकनाशकेही दिसत नाहीत. कापसावर फवारल्या गेलेल्या मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दहा हजार लिटरच्या शंभर टँकरांत मिळून एक ग्रॅम. एवढ्याने मीटरचा आकडा जरासुद्धा हलत नाही.

आपल्या भागात नायट्रेटची चिंता

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात देशातील नायट्रेटचा सर्वाधिक त्रास असलेल्या पंधरा जिल्ह्यांची यादी आहे. त्यात अमरावती आहे. शेजारचे वर्धा, बुलडाणा आणि यवतमाळही आहेत. म्हणजे हा आपल्या दारातला प्रश्न आहे.

नायट्रेट येते कुठून? संत्र्याच्या बागेला आणि कापसाला दिलेल्या युरियाचा जो भाग पीक घेत नाही, तो पावसाबरोबर जमिनीत खाली उतरतो. उकिरडा, गुरांचा गोठा, संडासाचा शोषखड्डा आणि तुंबलेली नाली यांतूनही नायट्रेट पाझरते. अनेक गावांत आपल्या वस्तीची हापशी गावाच्या उताराला, सगळ्या गावाची नाली जिथे येते तिथे बसवलेली असते. तिथे हा धोका जास्त, आणि तपासणी बहुतेक वेळा सर्वांत शेवटी.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून पाणी गोड लागते म्हणून चांगले, हा आजीचा हिशेब इथे चालत नाही. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. पण सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्याच्या कामातून बाद करते. बाळाचे ओठ आणि नखे निळसर पडतात, त्याला धाप लागते. १९४५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणाऱ्या बाळांमध्ये हा विकार ओळखला. बाळ निळे पडलेले दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट वाफ उडून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. तुरटी, ब्लीचिंग पावडर, कापडाची गाळणी यांनीही ते जात नाही.

एकच गोष्ट विचारणारी पट्टी

म्हणजे आपल्याला बेरीज सांगणारी काडी पुरत नाही. एकाच पदार्थाचे नाव घेऊन "तू आहेस का, किती आहेस?" असे विचारणारी काडी हवी. अशी एक काडी आपल्यातल्या अनेकांच्या घरात आहेच. मधुमेहाच्या रुग्णांची साखर तपासायची पट्टी. रक्तात मीठ असते, चरबी असते, प्रथिने असतात, पण पट्टी सांगते फक्त साखर. कारण तिच्या इलेक्ट्रोडवर साखरच ओळखणाऱ्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा लेप असतो. काडी साधी, सगळी करामत लेपाची.

पाण्यातल्या प्रदूषकांसाठी असाच लेप शोधण्याचे काम जगभर चालू आहे, आणि त्यासाठी फार उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे पॉलिमर. साध्या भाषेत प्लास्टिकच्या कुळातला पदार्थ. मणी ओवून माळ करावी तसे एकाच प्रकारचे रेणू जोडून पॉलिमर बनतो.

इथे वाचक विचारतील, प्लास्टिकमधून वीज वाहत नाही म्हणून तर तारेला त्याचे आवरण घालतात, मग ते इलेक्ट्रोडवर कसे चालेल? १९७७ पर्यंत बहुतेकांचा समज असाच होता. त्या वर्षी हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडिअर्मिड आणि ॲलन हीगर यांनी दाखवले की पॉलिॲसिटिलीन नावाच्या पॉलिमरवर आयोडीनसारख्या पदार्थाची प्रक्रिया केली की त्यातून वीज वाहते. या शोधाला २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पॉलिॲनिलीन आणि पॉलिपायरोल हे याच जातीचे, पण करायला सोपे आणि टिकाऊ पॉलिमर आहेत. ॲनिलीनच्या आम्लयुक्त द्रावणात कार्बनची काडी बुडवून ठरावीक विजेचा दाब कमीजास्त करीत राहिले की काडीवर पॉलिॲनिलीनचा हिरवा पातळ थर आपोआप चढतो.

लेप ओळखतो कसा?

पहिली पद्धत ठशाची. ओल्या काळ्या रानात बैलाचा पाय रुतला आणि वरून ऊन पडले की खुराचा ठसा पक्का होतो. त्यात पुन्हा नेमके बसते ते तेच खूर. १९९५ मध्ये अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या हचिन्स आणि बाकास या संशोधकांनी नायट्रेट असलेल्या द्रावणातच कार्बनवर पॉलिपायरोलचा थर वाढवला. थर वाढताना नायट्रेटचे कण त्यात अडकत गेले आणि त्यांच्या आकाराच्या जागा तयार झाल्या. अशी काडी पाण्यात घातली की त्या जागांत नायट्रेट सहज ये-जा करते, इतरांना ते अवघड जाते. पाण्यात नायट्रेट किती आहे त्याप्रमाणे काडीवरचा विजेचा दाब बदलतो आणि त्यावरून प्रमाण कळते.

दुसरी पद्धत चिमट्याची. हे काम आपल्याच राज्यात झाले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. महेंद्र शिरसाट यांच्या गटाने वीजवाहक पॉलिमरच्या संवेदकांवर बरीच वर्षे काम केले. २०१८ मध्ये या गटाने लिथुआनिया देशातील संशोधकांबरोबर एक इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला. पॉलिॲनिलीन आणि कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या यांचा थर, आणि त्यावर ईडीटीए. विज्ञान शाखेत शिकलेल्यांना ईडीटीए आठवत असेल. पाण्याचा जडपणा मोजण्याच्या प्रात्यक्षिकात जे वापरतात तेच हे रसायन. खेकड्याने नांगीत धरावे तसे ते धातूचे कण धरून ठेवते. या इलेक्ट्रोडने तांबे, शिसे आणि पारा यांचे पाण्यातील अस्तित्व मोजता येते असे गटाने दाखवले.

तीन धातू एकाच काडीवर जमा झाले, तर कोणता किती हे कसे कळते? परतवाड्याहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीचा विचार करा. गाडीत सगळे एकत्र बसलेले असतात, पण कोणी आसेगावला उतरते, कोणी वलगावला, कोणी थेट अमरावतीला. थांब्याथांब्यावर उतरणारी माणसे मोजली की कुठले किती प्रवासी होते ते कळते. तसेच आधी ठरावीक विजेचा दाब देऊन धातू काडीवर गोळा करतात. मग दाब हळूहळू बदलत नेतात. प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या दाबाला काडी सोडून पाण्यात उतरतो आणि उतरताना विजेचा छोटा प्रवाह निर्माण करतो. प्रवाह जेवढा मोठा, तेवढा धातू जास्त. आधी गोळा करून मग मोजल्यामुळे अगदी थोडा धातूही पकडता येतो. याची गरज का पडते ते शिशाच्या मर्यादेवरून कळेल. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या दहा टँकरांत मिळून एक ग्रॅम. मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे बाधते, म्हणून ही मर्यादा इतकी कडक आहे.

या विद्येचा पाया जुना आहे. १९२२ मध्ये प्राग येथे यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी पाऱ्याच्या थेंबांचा इलेक्ट्रोड वापरून ती सुरू केली आणि १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण पारा स्वतःच विषारी. कार्बन आणि पॉलिमरचा लेप या जोडीमुळे त्याच्याशिवाय काम भागवता येऊ लागले.

मग ही पट्टी बाजारात का नाही?

नायट्रेटसाठी पॉलिमरचा पातळ पडदा लावलेले इलेक्ट्रोड प्रयोगशाळांत वापरले जातात. पण साखरेच्या पट्टीसारखी, औषधाच्या दुकानात मिळणारी आणि सगळे सांगणारी पाण्याची पट्टी अजून आपल्या हातात आलेली नाही. याला कारणे आहेत.

रक्त सगळ्यांचे जवळपास सारखे असते, पाणी मात्र विहिरीगणिक बदलते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरला आहे. तिथल्या पाण्यात क्लोराइड भरपूर. नायट्रेटसाठी केलेल्या ठशात क्लोराइड थोडे थोडे घुसते आणि ते प्रमाणाने फार जास्त असले की आकडा चुकतो. जड पाण्यात कॅल्शियम फार. ईडीटीएच्या नांगीत शिसे अधिक घट्ट बसते हे खरे, पण कॅल्शियमची संख्या हजारो पटींनी जास्त असली तर बऱ्याच नांग्या तेच अडवते. शिवाय लेप कालांतराने झिजतो, त्यावर मळ बसतो, म्हणून माहीत असलेल्या द्रावणात बुडवून काडीची वेळोवेळी परीक्षा घ्यावी लागते. प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यात चाललेली काडी आपल्या हापशीच्या पाण्यात चालते की नाही, हा तिचा खरा पेपर आहे.

हा पेपर लवकर सुटावा अशी आपली गरज आहे. खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारांनी अनेक घरे हैराण आहेत. पाणी खारट आहे, एवढे सांगून तिथल्या माणसाचे समाधान होत नाही. त्याच विहिरीत वर्षभर कोणता घटक किती, हे महिन्याला मोजले गेले तर डॉक्टरांना आणि शासनाला नेमका विचार करता येईल. दर महिन्याला हजारो विहिरींचे नमुने जिल्ह्याच्या ठिकाणी नेणे अवघड आहे. गावातच मोजणारी स्वस्त काडी असेल तर ते जमेल. आपल्या वस्तीतील ज्या मुला-मुलींनी भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतले आहे, त्यांनी संशोधनासाठी हा विषय जरूर पाहावा. प्रश्न घरचा आहे आणि नमुना घरच्या हापशीतच आहे.

आज काय करता येईल?

काडी येईल तेव्हा येईल. पण नाव घेऊन विचारण्याची सोय आजही आहे.

१. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या पेटीचे, म्हणजे फिल्ड टेस्ट किटचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ही पेटी कोणाकडे आहे आणि शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. वस्तीच्या हापशीचा नमुना घेतला होता का, हे वेगळे विचारा. त्या पाच महिलांत आपल्या वस्तीतली एखादी भगिनी असावी, असा आग्रह ग्रामसभेत धरा.

२. पेटीत शंका आली तर शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. नुसते "पाणी तपासून द्या" म्हणू नका. नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड, जडपणा, टीडीएस आणि जंतू अशी नावे घेऊन मागा.

३. नमुना घेताना हापशी काही मिनिटे चालवा. स्वच्छ प्लास्टिकची कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते. नमुना शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, अशी वर्षातून दोनदा तपासणी करा.

४. अहवाल वाचताना एक फसगत होते. नायट्रेट दोन प्रकारे लिहितात. "नायट्रेट" म्हणून लिहिले असेल तर मर्यादा ४५. "नायट्रेटमधील नायट्रोजन" म्हणून लिहिले असेल तर तीच मर्यादा साधारण १० होते. आकडा कशाचा आहे ते विचारून घ्या.

५. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्या, वरचे पाणी देऊ नका. तपासणीआधीच करता येण्यासारखा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. वरचे दूध द्यावेच लागत असेल तर ते तपासलेल्या पाण्यातच कालवा.

६. अहवालात नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल तर आरओ उपयोगी पडते, कारण ते हे क्षार काढते. अहवाल चांगला असेल आणि प्रश्न फक्त जंतूंचा असेल तर उकळणे किंवा क्लोरीन पुरेसे आहे. यंत्र अहवाल पाहून घ्या, तपकिरी पेला पाहून नको.

७. उकिरडा आणि शोषखड्डा हापशीपासून दूर हलवा, नालीचे पाणी तिथे तुंबू देऊ नका, बागेला युरिया बेताने आणि विभागून द्या. पाणी बिघडल्यावर सुधारण्यापेक्षा हे सोपे आहे.

पुढच्या उन्हाळ्यात तो विक्रेता पुन्हा दारात येईल, काड्या बुडवेल, पाणी तपकिरी करील. तेव्हा सुनेने घाबरू नये आणि आजीनेही निर्धास्त राहू नये. घरात प्रयोगशाळेचा कागद असावा आणि त्यावर आपल्या हापशीचे नाव व नायट्रेटचा आकडा लिहिलेला असावा. तो कागद विक्रेत्यासमोर ठेवला की पुढचे बोलणे बरोबर होईल.